अकराव्या मिनिटाचा बेश

पट्टाभि मामांच्या घरी दर शनिवारी सकाळी दहाला गाणं ऐकायला जमायचं, याला आता एकवीस वर्षं झाली. मैलापूरच्या तळ्यामागच्या गल्लीत दुसरा मजला, चार वेताच्या खुर्च्या, मामींचा झोपाळा आणि कपाटाएवढे दोन स्पीकर. नियम दोनच. पहिला, आलाप चालू असताना कोणी तोंड उघडायचं नाही. दुसरा, मामांनी स्वतःच्या हाताने दिलेलं ध्वनिमुद्रण परत त्यांच्याच घरी आणून वाजवायचं नाही. लग्नात मिळालेली ताटवाटी आपण देणाऱ्याच्या घरी जेवायला नेत नाही, तसंच हे.

यातला दुसरा नियम आम्ही एकदाच मोडला. त्या दिवसापासून मला कशाचंच नीट काही समजत नाही.

पट्टाभि मामा चौऱ्याऐंशी वर्षांचे. ऑडिट ऑफिसात आयुष्य गेल्यामुळे ते कशाबद्दलही उत्साह दाखवत नाहीत. फार आवडलं तर म्हणतात, ‘हरकत नाही.’ नीलकंठन रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला. त्याच्या खिशात स्टॉपवॉच असतं आणि मांडीवर वही, आणि तिच्यात कोणी कोणता राग किती मिनिटं किती सेकंद गायला याच्या नोंदी. शिवाय दर शनिवारची बैठक तो मोबाइलवर उतरवून घेतो, नोंदी पडताळायला. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून सगळे मला प्रोफेसर म्हणतात. आणि संतानम.

संतानम पंचावन्नचा, विमा कंपनीत नोकरीला. आमच्यात सगळ्यांत खोल ऐकणारा तोच. तिसऱ्या मिनिटाला त्याचे डोळे मिटतात, पाचव्याला हनुवटी छातीला टेकते, आणि त्यानंतर कधीतरी एक बारीक आवाज यायला लागतो. आधी ओढ, मग मध्ये थोडा अडथळा, मग सुटका. त्याला घोरणं म्हणतात. पण आलाप चालू असताना बोलायचं नाही, आणि आलाप संपला की तो स्वतःच डोळे उघडून, मान हलवत म्हणतो, “काय ते गांधारावरचं थांबणं!” तेव्हा अकरा वर्षांत त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

आमच्याकडचा सगळ्यांत मोठा ऐवज म्हणजे कोरडाचेरी राजम भागवतरांचा कांबोजी राग. मांबळमच्या मांडवात, सहासष्ट सालच्या रामनवमीला, मामांनी स्वतः स्पूलच्या यंत्रावर उतरवलेला. भागवतरांची बाजारात एकही तबकडी नाही. रेडिओवाल्यांशी त्यांचं पटलं नाही, आणि बाकी कोणाशीच पटलं नाही. आहे तो हा कांबोजी, आणि तो मामांकडे. त्याची प्रत मिळवायला नीलकंठनला तीन वर्षं लागली. तीन वर्षं मामा त्याला गायक ओळखायला लावत आणि म्हणत, ‘अजून ऐका.’ मला पाच लागली. संतानमला दुसऱ्याच शनिवारी मिळाली.

नीलकंठनला ते अजून पचलेलं नाही. “आम्ही परीक्षा दिल्या,” तो म्हणतो, “आणि हा वशिल्याने पास.”

वशिला होता हे खरं. संतानमचे वडील रामदुरै हे ऑडिट ऑफिसात मामांच्या शेजारच्या टेबलावर. त्या रामनवमीला स्टँड मोडलेला होता म्हणून तीन तास माइक हातात धरून ते मामांच्या बाजूला बसले. चार महिन्यांनी काविळीत गेले. संतानम तेव्हा दोन वर्षांचा. घरात वडिलांचा एकच फोटो आहे, ऑफिसचा. त्यात रामदुरै तिसऱ्या रांगेत उभे आहेत आणि त्यांचा अर्धा चेहरा पुढच्या माणसाच्या कानामागे गेला आहे. आवाज कसा होता, हे त्याला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

पण कॅसेट घरी नेऊन लावली, तर अकराव्या मिनिटाला भागवतर तारषड्जावर जाऊन उभे राहतात, आणि तिथे माइकच्या अगदी जवळ कोणीतरी म्हणतं, “बेश!”

तुमच्याकडे वाहवा म्हणतात, आमच्याकडे बेश. माइकच्या जवळ कोण? माइक धरलेला माणूस. संतानमने आईला ऐकवलं. आईने तीनदा ऐकलं आणि म्हणाली, “हो रे. तुझे अप्पा असंच म्हणायचे.” तेव्हापासून दरवर्षी वडिलांच्या तिथीला, कावळा शिवला की हात धुऊन संतानम ते अकरावं मिनिट लावतो. टोरांटोहून त्याची मुलगी वैदेही फोन कानाला लावून बसते. तिच्या लेखी आजोबा म्हणजे एक शब्द, तात्ताचा बेश.

मामा पुतणीच्या लग्नाला कुंभकोणमला गेले होते तेव्हाची गोष्ट. मामी गुडघ्यामुळे घरीच. नीलकंठनने पिशवीतून लॅपटॉप काढला.

“मामी, आज एक गुन्हा करायचाय.”

“कॉफी घेऊन करा,” मामी म्हणाल्या.

नीलकंठनच्या मनात बरेच दिवस होतं की आमच्या तिघांच्या कांबोजीच्या प्रती शेजारी शेजारी ठेवून मोजाव्या. त्याने तिन्ही एकाच वेगाला आणून ठेवल्या होत्या. “माझा बावीस मिनिटं छत्तीस सेकंद. प्रोफेसरचा बावीस छत्तीस. आणि या वशिलेबाजाचा बावीस चाळीस. चार सेकंद जास्त! गाणं एक, गाणारा एक. चार सेकंद आले कुठून?”

“माझा अप्पा जास्त आहे ना त्यात,” संतानम हसून म्हणाला.

“का? आमच्यात काय तुझा अप्पा रजेवर होता?”

आधी नीलकंठनची प्रत लावली. सहाव्या मिनिटाला, गायक धैवतावर रेंगाळत असताना, स्पष्ट आवाज आला, “बेश!”

संतानमने डोळे उघडले. त्या दिवशी ते मिटलेलेच नव्हते म्हणा. आवाज तोच होता. अकरावं मिनिट आलं, भागवतर तारषड्जावर चढले. शांतता. पुढचा आलाप सुरू झाला.

“थांबव,” संतानम म्हणाला. आलापात तो पहिल्यांदाच बोलत होता. “इथे अप्पा बोलतो.”

“तुझा अप्पा सहाव्याला बोलून गेला.”

“पण तो अकराव्याला बोलतो!”

मग माझी प्रत. माझ्या प्रतीत एक बेश आहे हे मला माहीत होतं, पण तो कुठे येतो ते मी कधी मोजलं नव्हतं. सगळ्या प्रतींत तो एकाच जागी असणार हे मी गृहीत धरलं होतं. वीस वर्षं मुलांना हेच सांगत आलो की काही गृहीत धरू नका. अकराव्याला काहीच नाही. सतराव्याला, “बेश!” तोच आवाज, तोच कोरडेपणा.

संतानमचा चेहरा उजळला. मग पडला. मग पुन्हा उजळला. विसाव्या मिनिटाला एवढ्या मानसिक कष्टांनी दमून त्याची हनुवटी छातीला टेकली आणि नेहमीचा बारीक आवाज सुरू झाला. नीलकंठनचा मोबाइल सवयीप्रमाणे सगळं उतरवत होता.

आलाप संपल्यावर आम्ही चर्चा केली. एवढ्या वर्षांत आमच्या चर्चेतून काही निष्पन्न झालेलं नाही, त्यामुळे तिच्यावर आमचा विश्वास आहे.

नीलकंठन म्हणाला, “मैफली तीन असणार. भागवतर तीन वर्षं लागोपाठ तोच कांबोजी गायले असतील.”

“अगदी श्वासापर्यंत तोच?” मी म्हणालो. “मला वाटतं तीन वेगळे श्रोते आहेत आणि तिघांचा आवाज सारखा आहे.”

“हे तुम्ही पगार घेऊन शिकवता?” नीलकंठनने विचारलं.

संतानम म्हणाला, “मला वाटतं अप्पा तीनदा बोलला. मामांनी प्रत्येकाला एकेक वाटून दिला.”

आम्ही दोघं हसलो. पुढे कळलं की आमच्या तिघांत सत्याच्या जवळ फक्त तो आला होता, तेही उलट्या बाजूने.

मामी कॉफीचे पेले घेऊन आल्या. “तुम्ही तिघंही शिकलेली माणसं ना?” त्या म्हणाल्या. “यांना विचारा, न्हाणीघरात उभं राहून बेश बेश कोण करायचं ते. तिथे आवाज मांडवातल्यासारखा घुमतो म्हणे. घागर पालथी घालून त्यावर माइक ठेवायचे. मी बाहेर ताटकळत उभी, आंघोळीला. मला वाटायचं, या घरात माझ्या सांबाराला कधी कोणी बेश म्हणालं नाही आणि घागरीला म्हणतायत.”

संतानमने पेला दोन्ही हातांत धरला होता. कॉफीवर साय आली तरी तो तसाच बसला होता. मग त्याने विचारलं, “मामी, सगळे बेश?”

मामींच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. “मी काय आत होते का रे,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढच्या शनिवारी मामा परत आलेले होते. मामींनी त्यांना सगळं सांगितलं असणार, कारण त्यांनी नवीन वेष्टी नेसली होती, ऑडिटच्या दिवशी नेसायचे तशी.

“खूण आहे ती,” मामा म्हणाले. “पंचाहत्तर साली एकाला प्रत दिली. त्याने ती शहरभर वाटली आणि सांगत सुटला की मीच उतरवून घेतलाय. तेव्हापासून प्रत देताना मी प्रत्येकीत एक बेश घालतो. वेगळ्या मिनिटाला. कुठे कोणाच्या घरी वाजली की मला कळतं कोणाकडून फुटली. नीलकंठन सहा. प्रोफेसर सतरा.”

“म्हणजे आम्ही नंबरी आहोत,” नीलकंठन म्हणाला.

“आणि मी अकरा,” संतानम म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. अकरा वर्षं श्राद्धाला त्याने मामांची खूण ऐकली होती. टोरांटोतल्या मुलीला ऑडिट ऑफिसचा शिक्का ऐकवला होता. “मामा, दुसऱ्याच शनिवारी दिलीत. मला वाटलं अप्पामुळे दिलीत. मी फोडीन असं वाटलं तुम्हाला?”

“तुझ्या प्रतीत खूण नाही,” मामा म्हणाले.

“बेश आहे की!”

“बेश माझा आहे. पण खूण नाही.”

“मग काय आहे?”

मामा बराच वेळ खुर्चीच्या वेताचा सुटलेला धागा आत खोचत राहिले. “झाकण,” ते म्हणाले.

मला काही कळलं नाही, हे मी नोंदवून ठेवतो. नीलकंठनलाही कळलं नाही. पण त्याने वहीत ‘चार सेकंद’ लिहून त्याखाली रेघ मारली.

मूळ स्पूल मामा कोणासमोर लावत नसत. ते लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्यांत, मामींच्या लग्नातल्या नऊवारच्या खाली असतं. यंत्र तर दहा वर्षं बंद होतं. नीलकंठनने त्याच दिवशी ते उघडलं, आतला सैल पट्टा काढून मामींच्या शिलाई मशीनचा पट्टा चढवला, आणि दीड तासात ते फिरायला लागलं. मामींनी पट्ट्याबद्दल जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

स्पूल लागलं. कांबोजी सुरू झाला. सहाव्या मिनिटाला काही नाही. अकरावं मिनिट आलं, भागवतर तारषड्जावर चढले आणि उभे राहिले. आणि माइकच्या अगदी जवळ, त्या षड्जाच्या खाली, कोणीतरी घोरलं. आधी ओढ, मग मध्ये थोडा अडथळा, मग सुटका. चार सेकंद.

मामांनी यंत्र बंद केलं.

“तुमच्या प्रतींतून मी ते कापलं,” ते नीलकंठनला आणि मला म्हणाले. “असल्या जागी असला आवाज कोण ठेवेल? पण हा आला तेव्हा कापवेना. तेवढंच काय ते रामदुरैचं शिल्लक. आणि मुलाला पहिल्यांदा हे कसं ऐकवायचं? म्हणून वरून बेश म्हटलं. खाली तो आहे.”

मला वाटलं संतानम रडेल. तो चिडला.

“अप्पा झोपला होता? तारषड्जाला?”

“ऑफिसातून थेट आला होता रे. वर दोन पेले गुळाचं पानकम् प्यायला, उकाडा, खांबाला टेकायला जागा…”

“माझा अप्पा रसिक होता. आई सांगायची.” मग त्याच्या डोक्यात काहीतरी आलं. “आणि हा अप्पाच कशावरून? मामा, तुम्हीही तिथेच होतात. तुम्हीच झोपला असाल!”

नीलकंठनला हे शास्त्रशुद्ध वाटलं. “बरोबर आहे. यंत्र आपोआप चालतं. माणूस जागा पाहिजे असं नाही.”

“मी?” मामा म्हणाले. चौऱ्याऐंशी वर्षांत त्यांचा आवाज एवढा कधी चढला नसेल. “कांबोजीत?”

“हे नाहीत,” मामी झोपाळ्यावरून म्हणाल्या. “हे झोपेत शिट्टी वाजवतात. साठ वर्षं ऐकतेय, आणि तिची कोणाला प्रत नकोय. हा आवाज यांचा नाही. हा आवाज कोणाचा ते या खोलीत सगळ्यांना माहीत आहे.”

मी नीलकंठनकडे बघितलं. नीलकंठनने छताकडे बघितलं.

“कोणाचा?” संतानमने विचारलं.

अकरा वर्षं पाळलेली गोष्ट एका वाक्यात मोडायची, तर ते वाक्य कोणी बोलायचं? मला प्रोफेसर म्हणतात म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “संतानम, दर शनिवारी, म्हणजे साधारण पाचव्या मिनिटानंतर, तुझ्याकडून एक…”

“मी डोळे मिटून ऐकतो!”

“ते खरंच.”

“मग गांधारावरचं थांबणं मला कसं कळतं?”

“तू प्रत्येक वेळी गांधारच म्हणतोस,” नीलकंठन म्हणाला. “मागच्या महिन्यात गांधार नसलेल्या रागातही म्हणालास.” आणि त्याने मोबाइल काढला.

मागच्या शनिवारचं ध्वनिमुद्रण, माझ्या प्रतीचं विसावं मिनिट. भागवतर कांबोजीची शेवटची वळणं घेतायत आणि वर, जवळून, आधी ओढ, मग मध्ये थोडा अडथळा, मग सुटका. मग स्पूल. मग मोबाइल. मग पुन्हा स्पूल. इतकं सारखं की कांबोजीकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही. मामांच्या मते स्पूलमधली ओढ किंचित लांब होती. नीलकंठनने मोजली, नव्हती.

संतानम पुढे वाकून ऐकत होता. माणूस दुसऱ्याचा फोटो बघून स्वतःच्या नाकाला हात लावतो तसं त्याचं झालं होतं. रसिक म्हणून जे काही नाव होतं ते पंधरा मिनिटांत गेलं होतं, वडिलांचंही गेलं होतं, आणि तरी तो पुन्हा लाव म्हणत होता.

“यातला मी कुठला?” त्याने विचारलं.

“आत्ताचा तू,” नीलकंठन म्हणाला.

“नाही, आत्ताचा रामदुरै,” मामी म्हणाल्या.

“मोबाइल होता ना?”

“स्पूल होतं.”

वाद झाला. वादात कोणी यंत्र बंद केलं नाही, त्यामुळे भागवतर पुढे गात राहिले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कोणीही त्यांना ऐकलं नाही.

निघताना संतानम मामांना म्हणाला, “मला एक प्रत द्या. झाकण नको.”

मामांनी चव्वेचाळीस वर्षांत स्वतःचा बेश नसलेली प्रत कोणाला दिली नव्हती. ते उठले, कपाटापर्यंत गेले, परत आले. “हरकत नाही,” ते म्हणाले.

दोन आठवड्यांनी रामदुरैंची तिथी होती. आम्हाला जेवायला बोलावणं होतं. कावळा लवकर आला. संतानमने हात धुतले, नवी प्रत लावली, टोरांटोचा फोन स्पीकरजवळ ठेवला आणि खुर्चीत डोळे मिटून बसला. या वेळी त्याने आलाप पहिल्यापासून लावला होता. मी आणि नीलकंठन भिंतीला टेकून बसलो. पोटात वडे होते. अकरावं मिनिट आलं, षड्ज लागला, खाली चार सेकंद तो आवाज आला, आणि षड्ज पुढे निघून गेला.

“अप्पा,” फोनमधून वैदेही म्हणाली, “तात्ताचा बेश कुठे गेला?”

“आज नाही म्हणाला,” संतानम डोळे न उघडता म्हणाला. “आज तो लक्ष देऊन ऐकतोय.”

“मग तो आवाज कसला होता?”

संतानमची हनुवटी छातीला टेकली होती. तेवढ्यात पुन्हा तो आवाज आला. नीलकंठनने स्टॉपवॉच पाहिलं. बारावं मिनिट. मूळ स्पूलमध्ये बाराव्याला काही आहे का, हे आम्ही ऐकलं नव्हतं. आम्ही तर अकराव्यालाच भांडत बसलो होतो. तो आवाज स्पीकरमधून आला की खुर्चीतून, हे मला सांगता येत नव्हतं. नीलकंठनने वहीत वेळ लिहिली, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि आलाप चालू असल्यामुळे आम्ही दोघंही गप्प बसलो.